डिफरन्स लागत नाही

खतावणी | सोमवार, पहाटे ३:५२

नमस्कार मंडळी, गेली सात-आठ वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पाणी पहाटे चारच्या सुमाराला येतं आणि पंप लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर "काका तुम्ही रिटायर, तुम्हाला तशीही झोप येत नाही". त्यामुळे रोज पाऊण तास मी जिन्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एकटाच असतो आणि डोक्यात नको नको ते येतं. म्हणजे हे सगळं आहेच कशाला? मी, हा जिना, समोरचं बदामाचं झाड, त्याच्यावरचे ते कावळे. काहीच नसतं तर कोणाचं काय अडलं असतं?

प्रश्न जुनाच आहे आणि मी काही तत्त्वज्ञ वगैरे नाही. तेहतीस वर्षं एका सहकारी बँकेत क्लार्क होतो (नाव विचारू नका), त्यातली निम्मी सेव्हिंग्जच्या लेजरवर गेली. पण मला जे म्हणायचंय ते तिथूनच आलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

कॉम्प्युटर यायच्या आधी बॅलन्सिंग नावाचा प्रकार असायचा. एकेका खात्याची शिल्लक उतरवून काढायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या, म्हणजे ब्रँचच्या मुख्य खातेवहीच्या, आकड्याशी जुळली पाहिजे. पहिल्या फटक्यात जुळलेली मी कधी पाहिली नाही. मग फरकाकडे बघायचं. फरकाला नऊने भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत, ४१ च्या जागी १४ लिहिले की २७ चा फरक येतो, करून बघा कुठल्याही आकड्याचं, नवाच्या पाढ्यातच येणार. तसं नसेल आणि फरक सम असेल तर त्याच्या अर्ध्याची एंट्री शोधायची, कोणीतरी नावेची रक्कम जमेला टाकलेली असते. हेही नाही झालं की मग कॉलिंग. एकाने व्हाउचर वाचायचं, दुसऱ्याने लेजरवर लाल पेन्सिलने टिक मारायची, आणि रात्री साडेदहाला वाचणाऱ्याचा घसा असा बसलेला असायचा की सात आणि साठ सारखंच ऐकू यायचं.

१९८६ ला आमच्या ब्रँचला एक रुपया जास्त आला. फक्त एक. तीन रात्री शोधला. तिसऱ्या रात्री शेवटची गाडी चुकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं साहेब, ह्या रुपयाचा चहा मागवा आणि सोडा आम्हाला घरी. आमचे अकाउंटंट तसे हसतमुख माणूस, पण त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "अरे मी रुपया शोधतच नाहीये. एका बाजूला दहा हजार एक चुकलेत आणि दुसऱ्या बाजूला दहा हजार, आणि वर फक्त हा रुपया दिसतोय, असं असलं तर?"

हे काही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही अजून.

तर माझं म्हणणं. लोक म्हणतात माणसाला जीवनाचा अर्थ हवा असतो, शांती हवी असते, मोक्ष हवा असतो. मला नाही पटत. माणसाला हिशोब लागत नाहीये हे सहन होत नाही, बस. बॅलन्सिंगला बसणारा काही उत्तर गोड निघेल म्हणून बसत नाही, उलट सापडलं तर बहुतेक वेळा स्वतःचीच चूक सापडते, तरी बसतो. आणि हा जो पहाटेचा प्रश्न आहे ना तो मला तसाच दिसतो. काहीच नसतं तर जमा शून्य, नावे शून्य, काम तमाम, पहिल्या फटक्यात टॅली. पण इथे शिल्लक दिसतेय. मग ती आली कुठून, व्हाउचर कुठाय?

आणखी एक, आता शिव्या घाला हवं तर. फरक नाहीच सापडला तर तो सस्पेन्स खात्यात टाकतात. देव म्हणजे माणसाने काढलेलं सस्पेन्स खातं आहे असं माझं मत झालंय.

पाणी आलं. पंप लावतो.

फास्ट_लोकल | सोमवार, सकाळी ९:१४

काका लिहिलंय भारी पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे प्रश्न पेन्शन चालू झाल्यावर पडतात. आत्ता मी अंधेरीला प्लॅटफॉर्मवर उभा आहे, दोन गाड्या सोडल्या, तिसरीत शिरता येईल की नाही एवढाच माझ्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

खतावणी | सोमवार, सकाळी ९:४०

कुठली पेन्शन रे बाबा, सहकारी बँक म्हटलं ना.

पंत_२ | सोमवार, दुपारी १:०५

कोणीतरी नासदीय सूक्त आणणारच होतं तर मीच आणतो. ऋग्वेद, दहावं मंडल, १२९ वं सूक्त, सातच ऋचा. तेव्हा असणंही नव्हतं आणि नसणंही नव्हतं इथून सुरुवात आणि शेवट कुठे, तर वरून सगळं बघणारा जो आहे त्याला तरी हे माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. म्हणजे काकांच्या भाषेत सांगायचं तर ब्रँच मॅनेजरलाही डिफरन्स कुठला ते माहीत नाही आणि तसं त्याने रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय. मला तर यातला 'किंवा' फार आवडतो. एवढ्या जुन्या काळी कोणीतरी तो खोडला नाही.

घोलवड_चिकू | सोमवार, दुपारी १:३२

वाचनखूण साठवली. नऊचं करून बघितलं, खरंच येतं की!! ८३ – ३८ = ४५. शाळेत कोणी सांगितलं नाही.

नाईट_ड्युटी | मंगळवार, पहाटे २:४७

काका, मी एका सरकारी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, मेडिकल वॉर्ड, आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहितेय, मध्येच गेले तर समजून घ्या.

तुमचं सस्पेन्स खात्याचं मला लागलं. म्हणजे राग नाही आला पण लागलं. 'का' दोन प्रकारचे असतात. एक तुमचा, खुर्चीवर बसून पडणारा. दुसरा माझ्याकडे रोज येतो. परवा साडेतीनला एक बाई कॉरिडॉरमध्ये आल्या, मुलगा चौतीस वर्षांचा, सकाळी कामावर गेलेला आणि रात्री व्हेंटिलेटरवर. माझ्या तळहातावर पेनाने दुसऱ्याच पेशंटचं बीपी लिहिलेलं होतं कारण कागद शोधायला वेळ नव्हता. त्यांनी नेमका तोच हात धरला आणि म्हणाल्या सिस्टर, ह्यालाच का? आता माझ्याकडे उत्तर होतं ना. रिपोर्ट हातात होते. इन्फेक्शन रक्तात पसरलंय, किडनी बसल्यात, क्रमाने सगळं सांगता आलं असतं. पण त्या बाईला व्हाउचर नको होतं. नळाला हात धुताना बघितलं तर बीपी पुसलं गेलेलं, परत घेतलं.

मग त्या खाली गेल्या. आमच्याकडे गेटजवळ एक छोटं देऊळ आहे, रात्रभर कोणी ना कोणी तिथे बसलेलं असतं, मुसलमान पेशंटचे नातेवाईकसुद्धा टेकतात तिथे, कट्टा आहे म्हणून. सहाला वर आल्या तेव्हा चहाचे दोन कप घेऊन आल्या, एक माझ्यासाठी.

मला बँकेतलं कळत नाही पण एक विचारते. रात्री हिशोब नाही जुळला तरी सकाळी बँक उघडायलाच लागते ना? मग सस्पेन्स खातं नसतं तर काय केलं असतं तुम्ही?

खतावणी | मंगळवार, पहाटे ४:०८

ताई, तुमचं तीनदा वाचलं.

बरोबर आहे तुमचं. सस्पेन्स खातं नसेल तर दुसऱ्या दिवशीचं पान लिहिताच येत नाही, काउंटरवर पासबुकं घेऊन लोक उभे असतात त्यांना काय सांगणार की थांबा, आमचा कालचा रुपया सापडेना. मी जे लिहिलं त्यात थोडी घमेंड होती, ते खातं काढणारे म्हणजे कामचुकार असा सूर आला असेल तर तो मागे घेतो.

पण बँकेतलीच दुसरी बाजूही सांगतो. सस्पेन्समध्ये रक्कम टाकणं गुन्हा नाही, ती तिथे आहे हे विसरणं मात्र गुन्हा. इन्स्पेक्शनला आलेला माणूस सगळ्यात आधी तीच यादी मागतो, कुठली एंट्री किती दिवसांची, आणि का पडून आहे. आणि यादीला कंटाळून लोक दोन गोष्टी करतात. एक तर ती भलत्याच खात्यात जिरवतात, कागदावर सगळं छान, किंवा सरळ राइट-ऑफ मारतात, म्हणजे बुडीत धरून उडवून टाकतात. पहिलं आमचे बाबा-बुवा करतात. दुसरं, प्रश्नच चुकीचा आहे, असले प्रश्न विचारायचेच नसतात असं म्हणणारे करतात, त्यात माझे दोन पुरोगामी मित्रही आले. मला दोघांचाही सारखाच कंटाळा आहे.

त्या मुलाचं कसं आहे?

नाईट_ड्युटी | मंगळवार, सकाळी ७:२०

आहे तसाच आहे. ड्युटी संपली, निघाले.

कुलाबा_कॅन्टीन | मंगळवार, रात्री १०:५१

खतावणीकाका, मी राहवत नाही म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो. फिजिक्स शिकवतो, पूर्वी काही वर्षं कुलाब्याला टीआयएफआरला, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत, होतो (आयडीवरून कळलंच असेल, अभ्यासापेक्षा कॅन्टीनमध्ये जास्त). तुमचा एक रुपया आमच्याकडेपण आहे हो, अगदी शब्दशः.

आज जे कळतंय त्याप्रमाणे विश्व साधारण १३८० कोटी वर्षांचं आहे आणि अगदी सुरुवातीला मॅटर आणि अँटिमॅटर जवळपास सारखंच होतं. दोघं समोरासमोर आले की दोन्ही नाहीसे होतात आणि प्रकाश उरतो. म्हणजे तुमचं ते जमा आणि नावे. सगळं जुळलं असतं तर मागे नुसता उजेड राहिला असता, ना तारे ना मुलुंड. पण जुळलं नाही. साधारण शंभर कोटी अँटिकणांमागे शंभर कोटी आणि एक कण, एवढाच फरक राहिला. शंभर कोटी जोड्या गेल्या आणि जो एक उरला त्यात आपण सगळे, तुमच्या पंपासकट. गंमत बघा, तुमच्या ब्रँचलाही एक जास्तच होता, कमी नव्हता.

आणि तो एक का जास्त? व्हाउचर नाही. १९६४ मध्ये निसर्ग या दोघांत किंचित पक्षपात करतो असं प्रयोगात दिसलं खरं, नंतर आणखीही ठिकाणी दिसलं, पण तो पक्षपात एवढा बारीक आहे की हिशोबाला पुरत नाही. काही लोकांना वाटतं न्यूट्रिनो नावाच्या, कशालाही न अडखळता आरपार जाणाऱ्या बारीक कणांमध्ये बाकीचं सापडेल. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला साडेसहा हजार कोटी पार होतात, रात्रीसुद्धा, फक्त तेव्हा पृथ्वीच्या पोटातून येऊन खालून वर. कळतसुद्धा नाही. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडण्यात आपलेच लोक अगदी पहिल्यांमध्ये होते, १९६५, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरपेक्षा खोल, टीआयएफआरची टीम, सोबत जपानी आणि इंग्लंडचे. खाली एवढी उष्णता की विचारू नका, आणि महिनोन्महिने बसून हातात काय येणार तर मोजक्या नोंदी. तुमच्या कॉलिंगसारखंच.

पंत_२ | मंगळवार, रात्री ११:१५

ही तुलना छान आहे पण जरा जपून. तिकडे फरक मोजता येतो, म्हणून तो भौतिकशास्त्राचा प्रश्न. काकांचा मूळ प्रश्न मोजता येत नाही. उद्या तो एक का जास्त हे सापडलं तरी 'नियम तरी का आहेत' हे उरतंच. एक रुपया सापडला की दुसऱ्या पानावर नवीन फरक.

कुलाबा_कॅन्टीन | मंगळवार, रात्री ११:२२

मान्य. त्यावर आमची रोजीरोटी चालते.

घोलवड_चिकू | बुधवार, सकाळी ८:०२

मी नख बघत बसलेय ब्रशिंग करताना 😅

ओहोटी | बुधवार, दुपारी ३:३०

धागा आजच वाचला. कुलाब्याचं निघालंच आहे तर तिथलीच एक जुनी गोष्ट, काकांच्या क्लार्क लोकांसाठी.

कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १८२६ साली, वेधशाळा सुरू झाली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप नियमित व्हायला लागलं. म्हणजे काय, तर टांगलेलं चुंबक किती हललं ते डोळ्याने वाचायचं आणि वहीत लिहायचं. तासातासाला. सुई अस्वस्थ झाली की दर काही मिनिटांनी. दिवस, रात्र, पावसाळा, गणपती, काहीही असो. हे लिहिणाऱ्यांना यातून नक्की काय निघणार आहे ते माहीत नव्हतं, कोणालाच नीटसं माहीत नव्हतं.

सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला, कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज माणसाने तो दुर्बिणीतून पाहिला, त्या स्फोटाने पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आलं त्याला त्याचंच नाव पडलंय. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, ऑपरेटरना झटके बसले. इंग्लंडला तेव्हा कागदावर आपोआप रेषा काढणारी भारी यंत्रं होती, ती रेषा सरळ कागदाच्या बाहेर गेली, म्हणजे वादळ केवढं होतं तेच नोंदलं गेलं नाही. आपल्या कुलाब्याला माणूस बसलेला होता. त्याच्या वहीत चुंबकत्वाची ती घसरण आहे, साधारण १६०० नॅनोटेस्ला (चुंबकत्व मोजायचं एकक). २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या नोंदी परत काढून तपासल्या आणि तेव्हा कुठे ते वादळ किती मोठं होतं त्याचा अंदाज आला. आज सॅटेलाइट आणि विजेची ग्रिड वाचवायचे जे हिशोब होतात त्यात हे वादळ मापाला धरतात. लिहिल्यानंतर १४४ वर्षांनी.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने सुया बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं, तिथली इमारत मुद्दाम लोखंड टाळून पोरबंदरच्या दगडात बांधली. अजून चालू आहे. अलिबागला लोक किल्ला बघतात, कोळंबी खातात आणि परत येतात.

खतावणी | गुरुवार, पहाटे ३:४४

ओहोटी, हे मला माहीतच नव्हतं आणि वाचल्यापासून झोप नाही (तशीही नसते म्हणा). मी १९८१ ते ८३ फोर्टमध्ये ट्रेनी होतो, डबा खाऊन कुलाब्यापर्यंत चालत जायचो, तिथून गेलो असेन कितीदा.

मला तो वहीत लिहिणारा दिसायला लागलाय. पगार काय असेल त्याला? सुई अशी पडताना बघून त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल ते मी छातीठोक सांगतो, त्याला वाटलं असेल माझंच काहीतरी चुकलं. परत बघितलं असेल. डोळे चोळून. आणि मग जे दिसलं तेच लिहिलं, 'एवढं कसं शक्य आहे' म्हणून कमी करून नाही लिहिलं. हे फार अवघड असतं हो. मी स्वतः एकदा बेरीज जुळावी म्हणून सहाचा आठ वाचलाय, मुद्दाम नाही, डोळ्यांनीच वाचला. पाहिजे तसं दिसतं.

आत्ता लिहिताना जाणवलं की मी वर 'हिशोब लागत नाही हे सहन होत नाही' असं लिहिलं ते अर्धंच आहे. तसं असतं तर त्याने आकडा दुरुस्त केला असता. सहन न होणं आणि तरी आकड्याला हात न लावणं, ही दोन्ही एकाच माणसात लागतात. पहिलं जन्मजात असतं, लहान मुलांत बघा. दुसरं कुठून येतं कोणास ठाऊक. मला तरी आमच्या अकाउंटंट साहेबांनी शिकवलं, तेही ओरडून.

फास्ट_लोकल | रविवार, संध्याकाळी ६:२०

मी परत आलोय. मी जिथे राहतो तिथून दहा मिनिटांवर गिल्बर्ट हिल आहे. अंधेरीत वाढलो, आयुष्यभर बघतोय, म्हणजे बघत नव्हतोच, बिल्डिंगींच्या मधून एक काळा दगड दिसतो आणि त्याच्या अलीकडे कोणाच्या तरी चादरी वाळत असतात, एवढंच. काल हे सगळं वाचून आज मुलीला घेऊन वर गेलो. २०० फूट उंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थिजताना उभे खांब झाले त्याचे. वर गावदेवीचं देऊळ आहे. पायऱ्या चढताना मुलीने विचारलं, हा दगड गरम होता तेव्हा इथे कोण होतं. म्हटलं कोणी नाही. मग म्हणाली कोणी नव्हतं तर कोणाला कसं कळलं.

मला उत्तर येत होतं थोडंफार, पण धाप लागली होती.

काका सोमवारी जे बोललो त्याबद्दल सॉरी नाही म्हणत, ट्रेनमध्ये अजून तसंच वाटतं. रविवारी जरा वेगळं वाटतं.

नाईट_ड्युटी | सोमवार, पहाटे ३:१८

काका तुम्ही विचारलं होतं. शनिवारी गेला तो. त्या बाई जाताना वॉर्डात आल्या होत्या, थँक्यू म्हणाल्या. काही विचारलं नाही त्यांनी.

खतावणी | सोमवार, पहाटे ३:५०

वाचलं ताई.

कुलाबा_कॅन्टीन | सोमवार, सकाळी ११:०५

नाईट_ड्युटी, काळजी घ्या.

काका, एक विचारायचं राहिलंच. त्या १९८६ च्या रुपयाचं शेवटी झालं काय?

खतावणी | मंगळवार, पहाटे ४:०२

नाही सापडला. सस्पेन्सला टाकला, तारीख, रक्कम, समोर साहेबांची सही. ते रिटायर झाले. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्या शिल्लकांचा डेटा भरायला कंत्राटावर मुलं आली होती, त्यातला एक म्हणाला काका ही एक रुपयाची एंट्री उडवूया का, कशाला उगीच. म्हटलं भर. भरली त्याने. दर वर्षी इन्स्पेक्शनला कोणीतरी त्या ओळीवर बोट ठेवून हसायचं आणि आम्ही 'तपास चालू' लिहायचो. २०१४ ला माझा शेवटचा दिवस, हार-नारळ झालं, केक झाला, मी जाता जाता स्क्रीनवर काढून बघितला. होता.

आता ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, बोर्ड बदलला.

ओहोटी | मंगळवार, सकाळी १०:४०

विलीन होताना असल्या एंट्र्या जातात का नवीन बँकेत?

खतावणी | बुधवार, पहाटे ३:३६

देणी-घेणी दोन्ही जातात, तेव्हा नियमाने जायला हवी. कोणी मध्येच साफसफाई केली नसेल तर. नातीचं खातं काढायला तिकडे जायचंच आहे शुक्रवारी, आमच्या वेळचा एकच शिपाई राहिलाय तिथे, तो आतल्या मॅडमना विचारेल. हसतील सगळे.

फास्ट_लोकल | बुधवार, सकाळी ९:११

काका शुक्रवारी अपडेट टाकाच. गाडी आली.